मनगट जरा वळवा, गुरुजी

बंद पडलेल्या सिनेमागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. ते चालू होतं तेव्हाही तिथं कधी एवढी गर्दी झाल्याचं कुणाला आठवत नाही. खुर्च्यांच्या स्प्रिंगा वर आलेल्या, पंखे कुरकुरणारे, तरी माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि उरलेली भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. पडद्यावर ना नायक होता ना नायिका. तिथं एका ट्रकचालकाचं पोट होतं, तेही आतून.

"हा पाहा," माइकमधून मधाळ आवाज आला, "हाच तो तुमचा शत्रू."

करड्या, धुरकट चित्रात मधोमध नासपतीच्या आकाराची एक काळी पिशवी दिसत होती आणि तिच्या तळाशी एक पांढरी कोर. पडदा एवढा मोठा की ती कोर कलिंगडाच्या फोडीएवढी झाली होती. माझ्या पुढच्या रांगेतली बाई 'अगं बाई' म्हणून तोंडावर हात ठेवून बसली.

तरंगगुरूंनी डोळे मिटले. अंगात पांढराशुभ्र सदरा, कानाला माइक, डावा हात ट्रकचालकाच्या कपाळावर आणि उजव्या हातात त्याच्या बरगडीखाली टेकवलेली एक छोटी दांडी. तिची वायर बाजूच्या यंत्रात गेलेली.

"ज्या तरंगांतून विश्व निर्माण झालं, ते अतिप्राचीन तरंग मी या अतिआधुनिक दांडीतून सोडतो आहे. आता क्वांटम पातळीवर खडा विरघळेल. तुम्ही फक्त श्रद्धा ठेवा. आणि मोबाइल बंद ठेवा, तरंगांना अडथळा होतो."

पांढरी कोर थरथरली, फिकी झाली आणि नाहीशी झाली. उरली ती नुसती काळी, स्वच्छ पिशवी. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की छतावरची धूळ खाली आली. ट्रकचालक उठून बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

मी शेवटच्या रांगेत दात खात बसले होते. सांगायला हवं की मी सोनोग्राफीची डॉक्टर आहे. गुरूंच्या हातातल्या त्या अतिआधुनिक दांडीला आम्ही प्रोब म्हणतो, आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या हातात असते. इतकी वर्षं मी ती लोकांच्या पोटावर फिरवते आहे, पण माझ्या हातून आजवर एकही खडा विरघळलेला नाही. आमच्या धंद्यात शिकवताना आम्ही विद्यार्थ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही, मनगटाकडे बघतो. मी गुरूंचं मनगट बघत होते.

माझ्या शेजारी माझी आत्या टाळ्या वाजवत होती. तिच्यासाठीच मी आले होते. मागच्या सभेत तिचाही खडा असाच 'विरघळला' होता, आणि तिनं घरी येऊन ठरलेलं ऑपरेशन रद्द करून टाकलं होतं.

मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, एकदा ती दांडी माझ्या हातात द्याल का? मीही हेच काम करते."

गुरूंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून गोड हसले. "या ताई डॉक्टर दिसतात. त्यांचं दुःख मी समजू शकतो. खडेच उरले नाहीत तर बिचाऱ्यांनी खायचं काय?"

हशा पिकला. गुरूंनी तो विरेपर्यंत वाट पाहिली आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ही दांडी मी कुणाला देणार? दांडी माझ्या हातात आहे, पण माझा हात त्या शक्तीच्या हातात आहे."

पुन्हा टाळ्या. मागून कुणीतरी "खाली बसा" म्हणालं. मी बसले. आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण तिचे कान लाल झाले होते. सबंध गावासमोर भाचीनं शोभा केली होती.

माझ्या आत्याला सगळी वस्ती आत्याच म्हणते, पाव घ्यायला येणारी तिच्या वयाची माणसंसुद्धा. ती आणि माझे बाबा, दोघा भावंडांनी मिळून बेकरी काढली. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून बेकरीही तिनं चालवली आणि मलाही तिनंच वाढवलं. पहाटे उठून कणीक मळायची, ती वयाची साठी उलटली तरी. यंत्र आणून दिलं तर त्यावर पिठाची पोती रचून ठेवली. तिचा हात धरून कुणाला कुठं नेता येत नाही. ती कुणाचा हात धरते तेव्हा मात्र त्याला जावं लागतं.

अशा बाईच्या पित्ताशयात खडा झाला. दोनदा कळ येऊन ती भट्टीपुढे खाली बसली, दुसऱ्या वेळी तापही आला. सर्जन म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला, पिशवी पिकली, तर मग घाईघाईत उघडावं लागेल आणि ते या वयात, या साखरेच्या त्रासात बरं नाही. आज केलं तर साधं काम आहे. आत्यानं "बरं" म्हणून मान डोलावली, तारीख घेतली. आणि मग तिला गुरू सापडला.

"अगं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं," त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली. "आधी खडा होता, मग नव्हता. तूच म्हणतेस ना, डोळ्यांना दिसेल त्यावर विश्वास ठेवावा?"

"डोळ्यांना काय दाखवलं जातंय तेही बघावं ना."

"तुझं यंत्र दाखवतं ते खरं आणि त्याचं यंत्र दाखवतं ते खोटं? दोन्ही यंत्रं एकाच जातीची आहेत, मी विचारलंय."

यावर मी खूप बोलले. बोलले म्हणजे ओरडलेच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं झालं. बाहेरची माणसं माझा अहवाल हातात घट्ट धरून बसतात आणि घरात मात्र माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आत्यानं शेवटी पावांवर फडकं टाकलं आणि म्हणाली, "झालं बोलून? मग झोप आता."

काही दिवसांनी माझ्या टेबलावर तोच ट्रकचालक आला. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगात हुडहुडी. मी प्रोब ठेवला आणि पाहिलं तर त्याचा खडा पिशवीतून निसटून पित्ताच्या नळीत जाऊन बसला होता. नळी तुंबली होती.

"खडा तर गेला होता," तो पडल्या पडल्या म्हणाला.

"गेला नव्हता. पुढं सरकला."

तो म्हणाला, "मग हा नवा असेल."

त्याला लगेच भरती करून नळी मोकळी केली, म्हणून तो वाचला. हे सगळं मी आत्याला सांगितलं. नाव न सांगता, पण तिनं ओळखलं. माझी समजूत होती की आता तरी तिचे डोळे उघडतील. ती कणकेचा गोळा उलटा करत म्हणाली, "त्याची श्रद्धा कमी पडली असेल." पण हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि तो गोळा उगीचच पुन्हा पुन्हा मळत राहिली.

मग मी ठरवलं की तोंडाची वाफ दवडायची नाही. विद्यार्थ्यांना शिकवायला आमच्याकडे एक छोटं यंत्र आहे, फोनएवढं, प्रोब त्यालाच जोडलेला. ते मी परवानगी काढून घरी आणलं. बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आत्याला म्हटलं, "काही खाऊ नकोस. माझं एक काम आहे."

"उपाशी? गुरुजीही उपाशीपोटीच बोलावतात," ती डोळे बारीक करून म्हणाली. "पावित्र्य लागतं."

"पावित्र्य नाही, पित्त लागतं. खाल्लं की ती पिशवी आक्रसून पित्त ओतून टाकते. उपाशी असलं की ती भरलेली असते आणि नीट दिसते. आमच्याकडेही हाच नियम आहे, फक्त आम्ही त्याला पावित्र्य म्हणत नाही."

बेकरीमागच्या खोलीत पिठाच्या पोत्यांशेजारी तिची एक लोखंडी खाट आहे. तिथं ती आडवी झाली. मी खिडकीवर पोतं टाकून अंधार केला, यंत्र तिला दिसेल असं पोत्यावर टेकवलं आणि प्रोब तिच्याच हातात दिला.

"मी धरू? मला काय येतंय?"

"आत्या, पाव आतून भाजला की नाही, हे न कापता तू कसं ओळखतेस?"

"बुडावर टिचकी मारून. पोकळ वाजला की झाला. कच्चा असला की भद्द वाजतो." ती चिडली. "हे तुला तिसरीत असताना शिकवलंय."

"ही दांडीसुद्धा टिचक्याच मारते. या टोकाशी स्फटिकाच्या बारीक पट्ट्या आहेत. वीज दिली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो, आपल्याला ऐकू न येणारा, फार बारीक. तो आत जातो. एक थर संपून दुसरा लागला की थोडा आवाज तिथून परत फिरतो. परत आला की त्याच पट्ट्या पुन्हा थरथरतात आणि त्याची वीज होते. किती वेळानं परत आला यावरून यंत्र ओळखतं किती खोलवरून आला. जोरात आला तर ठिपका पांढरा, हळू आला तर करडा."

"आणि काळा?"

"काहीच परत आलं नाही तर काळा. आता लाव पोटाला."

तिनं प्रोब बरगडीखाली टेकवला. पडद्यावर वरच्या बाजूला दोनचार पट्टे, खाली नुसता अंधार.

"बंद पडलं," आत्या समाधानानं म्हणाली.

"बंद नाही पडलं. कातडी आणि प्रोब यांच्यामध्ये हवा आहे. हवेपाशी आला की आवाज तिथूनच माघारी फिरतो, आत जातच नाही. म्हणून हे लावायचं." मी तिच्या पोटावर जेल ओतलं. ती गारठून 'स्स' म्हणाली.

"गुरुजींचा तरंगलेप पण असाच गार असतो."

"तेच आहे ते. त्याला वास लावलाय फक्त."

"म्हणजे साच्याला लोणी लावतात तसं."

"लोणी चिकटू नये म्हणून लावतेस. हे चिकटावं म्हणून."

आत्या खुदकन हसली. तिनं प्रोब पुन्हा ठेवला आणि पडदा भरून गेला. मी तिला श्वास ओढून धरायला लावला, यकृत खाली सरकलं आणि त्याच्या पोटाशी काळी नासपती दिसायला लागली. तिचं तिलाच ते सापडलं याचा तिला आनंद झाला. तो तिनं लपवला, पण लपला नाही.

"ही तुझी पित्ताची पिशवी. पाण्यासारखं पातळ आहे आत, तिथून काही परत येत नाही, म्हणून काळी. आता मनगट जरा आत वळव. अगदी जरा. कणकेला घडी घालताना वळवतेस तेवढंच."

तिनं वळवलं. काळ्या पिशवीत पांढरी कोर उगवली आणि तिच्या मागं, थेट खालपर्यंत, काळी पट्टी पडली.

आत्या श्वास सोडायचाही विसरली.

"ही काळी पट्टी काय आहे?" तिनं विचारलं.

"सावली. खडा आवाजाला पलीकडे जाऊच देत नाही, सगळा माघारी पाठवतो. म्हणून तो पांढरा, आणि त्याच्या मागं काहीच दिसत नाही."

"पण खडा गेला होता."

"मनगट परत बाहेर वळव."

तिनं वळवलं. कोर थरथरली, फिकी झाली आणि नाहीशी झाली. काळी, स्वच्छ पिशवी उरली. अगदी तशीच, जशी तिनं सिनेमाच्या पडद्यावर पाहिली होती आणि घरी येऊन सर्जनला फोन केला होता.

"हे चित्र म्हणजे तुझं अख्खं पोट नाही, आत्या. हा एक काप आहे. पावाच्या कापापेक्षाही पातळ. दांडी जरा तिरपी केली की शेजारचा काप दिसतो. खडा आहे तिथंच असतो. म्हणून आम्ही एका कापावर कधी अहवाल लिहीत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी पिशवी बघतो, पेशंटला कूस बदलायला लावतो, पुन्हा बघतो. खडा असला तर तो गडगडत खाली जातो."

आत्यानं मनगट आत वळवलं, खडा आला. बाहेर वळवलं, खडा गेला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मी किती तरी वेळ पिठाच्या पोत्यावर बसून तिचं हे चाललेलं बघत होते. मग तिनं फडक्यानं जेल पुसलं आणि उठून म्हणाली, "भूक लागली."

बाहेर येऊन तिनं बेदाण्याचा पाव घेतला आणि सुरीनं कापायला लागली. एक काप कापून हातात धरला, उजेडाकडे करून बघितला. त्यात बेदाणा नव्हता. दुसरा कापला. त्यात दोन होते. आम्ही दोघींनी ते खाल्लं.

"पुढच्या सभेला मला जायचंय," शेवटी ती म्हणाली. "गुरुजींनी साक्ष द्यायला बोलावलंय. बरे झालेले सगळे येणार आहेत."

"आत्या, एवढं सगळं बघूनही?"

"तू पण ये. मागं बस. आणि या वेळी तोंड उघडायचं नाही."

ती काय करणार आहे हे मला खरोखर माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळायला तो काही पाव नव्हे. सभेपर्यंत माझं कामात लक्ष लागलं नाही. एका पेशंटचं डावं मूत्रपिंड मी दोनदा बघितलं आणि उजवं बघायचं विसरत होते.

सभेला मागच्यापेक्षा जास्त गर्दी होती. आत्या तिच्या ठेवणीतल्या कपड्यांत, केस चापूनचोपून बसवून पहिल्या रांगेत बसली होती. एकेक जण मंचावर येऊन आपला खडा कसा गेला ते सांगत होता. गुरू मान किंचित कलती करून ऐकत होते, जणू हे सगळं त्यांनाही नवीनच होतं.

"आणि आता," गुरू म्हणाले, "आपल्या सर्वांच्या लाडक्या आत्या. यांच्या घरातच डॉक्टर आहेत, तरी त्या इथं आल्या. यातच सगळं आलं."

लोक हसले, दोनचार जणांनी मागं वळून मला शोधलंही. आत्या मंचावरच्या बाकावर आडवी झाली. तरंगलेप ओतला गेला. गुरूंनी दांडी टेकवली, आत्यानं कुणी न सांगताच श्वास ओढून धरला, आणि पडद्यावर काळी पिशवी आली. स्वच्छ. एक ठिपका नाही.

"पाहा," गुरू म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या.

"थांबा," आत्या म्हणाली.

माइक गुरूंच्या गालाशी होता, तिचा आवाज सभागृहभर ऐकू गेला. टाळ्या थांबल्या. तिनं पडल्या पडल्या आपला उजवा हात उचलला आणि गुरूंचं मनगट धरलं. चाळीसेक वर्षं कणीक मळलेला हात तो. गुरूंनी सोडवायचा प्रयत्न केला, तो मी शेवटच्या रांगेतून पाहिला. जमलं नाही.

"मनगट जरा वळवा, गुरुजी," आत्या म्हणाली, आणि तिनंच ते वळवलं.

पडद्यावर पांढरी कोर उगवली. मागं काळी पट्टी, थेट खालपर्यंत.

"हा बघा आला," आत्या म्हणाली. मनगट बाहेर वळवलं. "हा गेला." पुन्हा आत. "हा आला."

मग बाल्कनीतून कुणीतरी हसलं, एकच माणूस, आणि ते हसू हळूहळू खाली उतरायला लागलं.

"आई, हा खडा नाही," गुरू म्हणाले. आवाजातला मध गेला होता. "ही... ही जुन्या ऊर्जेची छाया आहे. खडा गेला तरी छाया काही काळ..."

"सावली पडायला आधी वस्तू लागते, गुरुजी."

गुरूंनी दांडी वर उचलली. पडद्यावर दोनचार पट्टे आणि अंधार.

"आता मध्ये हवा आली," आत्यानं सभेला समजावून सांगितलं. "हवा आली की काही दिसत नाही. टेकवा परत, बघू द्या लोकांना."

"माझा हात..." गुरू म्हणाले.

"तुमचा हात त्या शक्तीच्या हातात आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात. मी फक्त धरलंय. शक्तीला सांगा वळवू नको म्हणून."

आता सगळेच हसत होते. पण पहिल्या रांगेत नुकतीच साक्ष दिलेली एक शिवणकाम करणारी बाई उभी राहिली. ती हसत नव्हती. "मग माझा?" तिनं विचारलं. "माझा गेला की नाही?"

हसणं थांबलं. आत्या बाकावर उठून बसली, मनगट न सोडता. "ते मला नाही माहीत. मला माझ्यापुरतं कळतं. माझी भाची मागं बसली आहे, तिला विचारा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता उघड तोंड."

मी पुढं गेले. भाषण करायचं ठरवलं होतं, मनात केलंही होतं कितीदा तरी. पण त्या बाईचा चेहरा बघून ते विसरले. पाव, काप आणि बेदाणा एवढंच सांगितलं. मग आणखी एक सांगितलं, जे आत्यालाही माहीत नव्हतं. गेल्या सभेत गुरूंनी ज्यांच्या पोटात 'खडा' दाखवला, त्यांतल्या काहींच्या पोटात खडा नव्हताच, हे मी मागून पडद्यावर पाहिलं होतं. पिशवीशेजारून आतडं जातं, आणि आतड्यात वायू असतो. हवेवरून आवाज परततो, म्हणून वायूही पांढरा दिसतो, मागं मळकट सावली पडते. कुशीवर वळवलं की वायू सरकतो आणि खडा 'विरघळतो'. म्हणजे ज्यांना खडा होता त्यांचा खडा तसाच राहिला, आणि ज्यांना नव्हता त्यांचा वारा बरा झाला.

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणाले. "यंत्राला विचारलं तेवढंच ते सांगतं. कुठला काप दाखवायचा ते माणूस ठरवतो. ज्यांना इथं बरं वाटलं, त्यांनी दुसरीकडे एकदा नीट तपासून घ्या. माझ्याकडेच या असं नाही, कुठंही जा. पण ऑपरेशन पुढं ढकललं असेल तर आजच जा."

गुरूंनी हात लचकल्याचं जाहीर करून सभा संपवली. पण लोक जागचे हलेनात. मंचापुढे रांग लागली. प्रत्येकाला आपापल्या पोटावर गुरूंचं मनगट स्वतः धरून बघायचं होतं. एवढी भाविक रांग गुरूंनी आयुष्यात पाहिली नसेल. ते मागच्या दारानं गेले, यंत्र तिथंच राहिलं. नंतर काही जणांनी मिळून तक्रार दिली आणि आरोग्य खात्याचे लोक येऊन ते घेऊन गेले. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या पोटात खडा निघाला नाही. आणखी दोघांच्या निघाला, वेळेत निघाला.

आत्यानं नवी तारीख घेतली. त्या सकाळी मी तिला आत न्यायला बाहेर आले तर ती आमच्या रुग्णालयाच्या फाटकाशीच उभी. आमच्या कँटीनला पाव तिचाच येतो, पण इतक्या वर्षांत ती ट्रे नेहमी फाटकापाशीच ठेवून जाते, माझा डबासुद्धा. मला वाटायचं तिला भट्टीची घाई असते.

"तुझे बाबा इथूनच आत गेले," ती म्हणाली. "साधं ऑपरेशन होतं. मी बाकावर त्यांचा कोट धरून बसले होते. मग मी कोट घेऊन घरी आले."

मला हे माहीत होतं, आणि तरीही मी तिच्यावर ओरडले होते. मी तिचा हात धरला. त्या हाताला घाम आला होता.

"मला गुरूवर विश्वास नव्हता ग," आत्या म्हणाली. "मला आत जायची भीती वाटत होती. लांबून दोन्ही एकसारखीच दिसतात."

"आताही वाटतेय?"

"वाटतेय ना. पण भीती आहे म्हणून खडा जात नाही, हे मी माझ्या हातानं बघितलंय. चल." आणि तिनं माझा हात धरून मला आत नेलं.

ऑपरेशन नीट झालं. खडा आता बेकरीच्या काउंटरवर, टॉफीच्या बरणीशेजारी, एका छोट्या बाटलीत असतो. कुणी नवा माणूस त्याबद्दल विचारतो आणि मग हळूच म्हणतो, अमुक गावी एक बाई आहे म्हणे, नुसत्या फुंकरीनं गाठ घालवते, लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. आत्या वाद घालत नाही. ती बेदाण्याचा पाव घेते, एक काप कापते आणि त्याच्या हातात देते.

"यात बेदाणा आहे?"

"नाही."

"मग पावात?"

माणूस पावाकडे बघतो, तिच्याकडे बघतो. बहुतेकांना तेवढ्यात कळतं. ज्यांना कळत नाही त्यांच्याकडे ती सुरी सरकवते आणि म्हणते, "तुम्हीच कापा."

माझंही सांगणं एवढंच आहे. भीती वाटते तेव्हा कुणीतरी येऊन एक स्वच्छ काप दाखवतो आणि अख्ख्या पावाची हमी देतो. त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पायाही पडू नका. उरलेला पाव मागा. देत नसेल तर समजा की बेदाणा तिथंच आहे.